लिंबावरच्या सुरवंटांचं काय करू?

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त. हे बँकेत होते, मी शाळेत. गेल्या वर्षी साताऱ्याजवळ रो-हाउस घेतलं. पुढे साधारण १५ बाय २० फुटांचं अंगण, मागे स्वयंपाकघराच्या दाराशी सहा फुटांची पट्टी. नर्सरीवाल्याकडून बाग करून घेतली. लॉन, कडेने पिवळ्या ड्युरांटाचं कुंपण, अरेका पाम, दोन रबर प्लांट, कमानीवर बोगनवेल आणि कलमी गुलाब. चाळीस हजार गेले. बाग दिसते छान, पण वर्षभरात फुलपाखरं मोजून चार दिसली. पक्ष्यांसाठी दाणे टाकते तर पारव्यांचा थवा उतरतो, दुसरं कुणी फिरकत नाही. हौसेने लावलेल्या लिंबाची पानं सुरवंट फस्त करतात, गुलाबाची पानं कुणीतरी गोल गोल कापून नेतं, मागचा दुधी फुलतो पण धरत नाही. ह्यांनी कृषी केंद्रातून औषध आणलंय, दर रविवारी फवारणी असते. पक्षी-फुलपाखरं यावीत म्हणून कोणती झाडं लावू? यादी द्याल का? आणि आत्ता लिंबावर सहा हिरवे सुरवंट आहेत, त्यांचं काय करू? हे रविवारी फवारणार म्हणतात.

उत्तर: ताई, हे छापून तुमच्या हाती पडेपर्यंत तो रविवार उलटून गेलेला असणार आणि त्या सहा जणांचं जे व्हायचं ते झालेलं असणार. पण लिंबाला नवी पालवी फुटली की पुढचे सहा येतील, म्हणून सुरुवात तिथूनच करते. यादी नंतर.

वर्षभर तुम्ही ज्यांची वाट बघताय ती फुलपाखरं हीच. लिंबावर, कढीपत्त्यावर, बेलावर येणारे हे सुरवंट बहुधा लाइम किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांचे असतात. मादी कोवळ्या पालवीवर मोहरीएवढं फिकट पिवळं अंडं चिकटवून जाते, एका जागी एखादंच. त्यातून निघालेला सुरवंट पहिले काही दिवस तपकिरी-पांढरा, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो. पक्ष्याने बघितलं तरी चोच लावू नये, असं सोंग. शेवटची कात टाकली की हिरवागार होतो, आणि तेव्हाच आपल्या नजरेस पडतो. पुढच्या वेळी काडीने हलकेच डिवचून बघा. डोक्यामागून दोन केशरी-लाल मऊ शिंगं बाहेर काढेल आणि उग्र वास सोडेल. तुम्हाला काही करणार नाही, त्याच्या परीने दम देतो इतकंच. अंड्यापासून फुलपाखरू होईपर्यंत तीन-चार आठवडे जातात. तुमच्या घरी दर रविवारी फवारणी. आता सांगा, फुलपाखरू व्हायचं कधी?

मध प्यायला फुलपाखरू कुठल्याही बऱ्या फुलावर बसेल, अंडी घालायला मात्र त्याला ठरलेलंच झाड लागतं. तुमच्या बागेत असं झाड जवळजवळ एकच आहे, लिंबू. आणि नेमकं त्याच्यावरच औषध पडतंय.

लिंबू हातभर उंचीचं असेल तर सहा सुरवंट ते खरंच बोडकं करतात, हे मला मान्य आहे. उपाय असा. शेजारीपाजारी कुणाकडे जुना कढीपत्ता असेलच. त्याच्या बुंध्याभोवती मुळांतून नवी रोपं फुटलेली असतात, ती दोन-तीन मागून आणा. एक तुमच्या फोडणीसाठी, बाकीची त्यांच्या नावाने. लिंबावर सुरवंट दिसला की तो आहे त्या पानासकट खुडून कढीपत्त्यावर नेऊन ठेवा. हाताने ओढून काढू नका, पाय पानाला घट्ट धरलेले असतात. लिंबू एकदा डोक्याएवढं झालं की मग हाही उद्योग नको, चार फांद्या खाल्ल्या तर झाड पुन्हा फुटतं. आणि कॉलनीच्या आसपास जरा झाडी असेल तर एखाद्या पावसाळ्यात ब्लू मॉरमॉनही येऊन जाईल. काळं मखमली, मागच्या पंखांवर निळी झळाळी, तळहात झाकेल एवढं. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं. त्याचे सुरवंटही लिंबाच्याच कुळातली झाडं खातात.

आता गुलाब. पानाच्या कडेला एकसारखे गोल काप, जणू कुणी नाणं ठेवून कात्रीने कापलंय, असंच ना? हा रोगही नाही आणि कीडही नाही. ही एक मधमाशी आहे. पोळं न करता एकटी राहते. पानाचा तुकडा पायांत धरून नेते, पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात त्याची गुंडाळी करते आणि आत पराग भरून अंडं घालते. ती पान खात नाही, पिल्लांच्या दुपट्यासाठी कापड बेतते म्हणा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास गुलाबापाशी खुर्ची टाकून बसा. अर्ध्या मिनिटात तुकडा कापून पसार होते, बघण्यासारखं असतं. गुलाबाला त्याने काहीही होत नाही.

औषधाबद्दल आता तुमच्या ह्यांच्याशी बोलते. साहेब, रागावू नका. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला पान कुरतडलेलं दिसलं की चुकचुकणारच. पण बाटलीवरचं बारीक अक्षरातलं नाव एकदा वाचा. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम असेल, तर ते आंतरप्रवाही औषध आहे. म्हणजे पानावर मारलं तरी झाडाच्या रसात मुरतं आणि पुढे फुलातल्या मधात, परागात उतरतं. आठवड्याने मधमाशी त्या फुलावर बसली तरी तिच्या पोटात ते जातंच. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातल्या तीन औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला, त्यात ही दोन्ही आहेत. शेतकऱ्याचं पोट पिकावर असतं, त्याचं गणित निराळं. आपल्या अंगणातल्या दहा झाडांसाठी हे घरात ठेवायची गरज नाही.

'मग निंबोळी अर्क मारतो, तो तर सेंद्रिय' असं म्हणाल. निंबोळी अर्काने सुरवंटांची वाढ खुंटते, म्हणून तर शेतात वापरतात. तेव्हा लिंबू-कढीपत्त्यावर तोही नको. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर पाइपच्या जोरदार पाण्याने धुऊन काढा, हट्टी असेल तर संध्याकाळी साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोळ्याने तेवढीच फांदी पुसा. मावा पडला तर आठवडाभर काहीच करू नका. लेडीबर्ड भुंगेरे येतात आणि फडशा पाडतात. ते यायच्या आत तुम्ही फवारलं तर पुढच्या महिन्यात मावा परत येतो, भुंगेरे मात्र येत नाहीत. माझ्या स्वतःच्या गच्चीत हे शिकायला मला तीन वर्षं लागली.

पक्ष्यांचाही हिशोब शेवटी याच सुरवंटांपाशी येतो. चिमणी आपण दाणे टिपणारी समजतो, पण पिल्लं असली की तीही चोचीत अळ्या आणि किडेच घेऊन जाते. पिल्लाला कोरडा दाणा पचत नाही. बुलबुल, दयाळ, शिंपी, वटवट्या सगळ्यांचं तेच. ज्या बागेत एकही पान कुरतडलेलं नाही, तिथे पक्षी येईल कशाला? पाणी प्यायला फार तर.

म्हणून दाणे टाकणं आजपासून बंद करा. ढीगभर टाकलेल्या दाण्यांवर पारवेच टोळीने येतात, लहान पक्षी त्यांच्या गर्दीत शिरत नाहीत, आणि खिडक्यांची काय दशा होते ती तुम्ही बघताच आहात. त्याऐवजी जून-जुलैत कुंपणाच्या एका कोपऱ्यात मूठभर ज्वारी किंवा बाजरी फेका. खत-पाण्याचं कौतुक नको. कणसं भरली की काढू नका, ताटावरच राहू द्या. हलत्या कणसाला लोंबकळून दाणे काढणं पारव्याला नीट जमत नाही. चिमण्यांना आणि मुनियांना जमतं. एखादा पोपट येऊन अख्खं कणीस तोडून नेईल, त्याचंही नशीब.

पाणी मात्र ठेवा. कुंभाराकडचं पसरट परळ घ्या, बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड. मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी आणि थोडं उंचावर ठेवा. पाणी रोज बदला, आणि बदलताना परळ आतून काथ्याने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून बसतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

आता झाडं. आधी आहेत त्यांचं काय करायचं ते सांगते, कारण चाळीस हजार घालून लावलेली बाग उपटा म्हणणारा सल्ला कुणी ऐकत नाही, आणि त्याची गरजही नाही. अरेका राहू दे. पामवर वाढणारीही एक-दोन फुलपाखरं आहेत. बोगनवेलीचा रंग म्हणजे पानंच, खरी फुलं त्यांच्या मधोमध बारीक पांढरी असतात. त्यांत फारसं कुणाला काही मिळत नाही, पण तिच्या काटेरी गुंत्यात बुलबुल खुशाल घरटं बांधतो. ड्युरांटा मुळात वाईट झाड नाही. वाढू दिलं तर निळी-जांभळी फुलं येतात आणि फुलपाखरं त्यांवर तुटून पडतात. पण दर पंधरा दिवसांनी कात्री फिरली तर ते फुलणार कधी? एका बाजूचं कुंपण यंदा न कातरता सोडून बघा. रबर प्लांटचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मला त्या झाडाबद्दल प्रेम नाही. लॉन मात्र अर्धं करा. माळ्याचा पगार, पाणी आणि औषध यांतलं सर्वांत जास्त तेच खातं आणि देत काही नाही.

नवीन लावताना मी एकच प्रश्न विचारते. कुठल्या महिन्यात माझ्या अंगणात काहीच फुललेलं नसतं? तो महिना भरून काढणारं झाड आधी. तुमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथली सातेरी मधमाशी टिकते ती जंगलात एकामागून एक फुलत जाणाऱ्या झाडांवर. जांभूळ झालं, हिरडा आला, गेळा आला, सात-आठ वर्षांनी कारवी फुलली की विचारायलाच नको. अंगणात एवढं कुठून आणणार, पण क्रम तोच ठेवायचा.

थंडीसाठी धायटी. यवतेश्वरचा घाट चढताना हिवाळ्याच्या शेवटी कडेच्या उतारांवर निखारे पेटल्यासारखी झुडपं दिसतात, ती. बारीक नळीसारखी केशरी-लाल फुलं फांदीभर खच्चून येतात, आणि शिंजीर, म्हणजे आपला सूर्यपक्षी, दिवसभर तिथून हलत नाही. छाटून चार-पाच फुटांत ठेवता येते, मुरमाड जमीनही चालते. रो-हाउसच्या अंगणात वर मातीचा थर आणि खाली बांधकामाचा राडाच असतो, त्यामुळे हे महत्त्वाचं. एकच झुडूप घेणार असाल तर धायटी घ्या. शोभेच्या नर्सरीत ती बहुधा मिळणार नाही. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत किंवा देशी झाडांची रोपं करणाऱ्यांकडे विचारा.

पावसाळ्यासाठी मुरुडशेंग. बाळगुटीत उगाळायची ती पीळदार शेंग तुम्हाला ठाऊक असणार, झाड मात्र पुष्कळांनी पाहिलेलं नसतं. फूल उमलतं विटकरी लाल आणि शिळं झालं की निळसर राखाडी पडतं. सूर्यपक्षी लाल तेवढं बघून चोच घालतो. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात लावा, जरा अस्ताव्यस्त वाढते.

दिवाळीच्या मागेपुढे कोरांटी. पिवळी काटेरी घेतलीत तर कुंपणाचंही काम होतं. तिच्या पानांवर लेमन पॅन्सी या फुलपाखराचे सुरवंट वाढतात. तिच्यालगत एक चित्रक लावा, पांढऱ्या फुलांचा. त्यावर झेब्रा ब्लू नावाचं नखाएवढं फुलपाखरू अंडी घालतं. ते इतकं लहान असतं की चष्मा लावल्याशिवाय पट्टे दिसायचे नाहीत.

उन्हाळ्यासाठी एक झाड हवं. जागा बघता मी बहावा सुचवेन, पुढच्या फाटकाजवळ, भिंतीपासून आठ-दहा फूट सोडून. एप्रिल-मेमध्ये फुलला की मोठे काळे भुंगे घुमायला लागतात, परागीभवनाचं काम तेच करतात. त्याच्या कोवळ्या पानांवर पांढरी-पोपटी एमिग्रंट फुलपाखरं वाढतात. बहावा मोठा वाटत असेल तर कुंती घ्या, नर्सरीत 'कामिनी' म्हणून मिळते. झुडूपवजा झाड, संत्र्याच्या मोहरासारखा वास, आणि नंतर लालचुटुक फळं. बुलबुल ती पिकण्याचीही वाट बघत नाहीत. मागच्या दारी शेवगा असेल तर तो आहेच. शेंगा तुम्हाला, फुलं मधमाश्यांना.

ड्युरांटाच्या एका बाजूला दोन करवंदाच्या जाळ्या लावा. कुंपण असं की कुत्रंही आत शिरणार नाही, वर लोणच्यापुरती करवंदं. बुलबुलांनी ठेवली तर.

कुंड्यांसाठी दोन नावं. पानफुटी, तीच, पान मातीवर टाकलं तरी कडेकडेने रोपं फुटणारी. तिच्या जाड पानाच्या आत शिरून रेड पिएरो फुलपाखराची अळी आतला गर पोखरते आणि वर पातळ पापुद्रा तेवढा ठेवते. बाहेर येतं ते काळ्या-पांढऱ्या-केशरी रंगाचं चिमुकलं, रांगोळी काढल्यासारखं. दुसरी तुळस. मंजिऱ्या खुडल्या की तुळस जास्त जगते, असं आपल्या आया सांगत आल्या आणि ते खरंच आहे. म्हणून वृंदावनातली खुडत जा, पण मागच्या दारी एका कुंडीतली मंजिऱ्यांसकट राहू द्या. सकाळी तिच्यावर फुलोरी मधमाश्या असतातच, आणि पोटावर निळे पट्टे असलेली, एका जागी न टिकणारी एक गोंडस माशीही येते. वांग्या-टोमॅटोचं फूल गच्च धरून अंग थरथरवून पराग झाडणारी हीच. ती घर करते जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत. तेव्हा सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवू नका, उन्हातली हातभर उघडी माती तशीच ठेवा.

जागा उरली तर आणि तरच रुई. शनिवारी मारुतीला माळ घालायला पानं लागतात म्हणून पुष्कळ घरी असते. प्लेन टायगरचे काळे-पिवळे-पांढरे पट्टेदार सुरवंट तिच्यावर राजरोस उघड्यावर बसतात, कारण तिचा विषारी रस त्यांच्याही अंगात उतरतो आणि पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. नातवंडं येत-जात असतील तर हे झाड सोडून द्या.

जास्वंद आणि गुलाब घेताना एकपाकळी, गावठी बघा. पाकळ्यांनी गच्च भरलेल्या फुलात बरेचदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. दिसायला भरगच्च, पण माशीला हाती काही लागत नाही. साध्या लाल जास्वंदीवर शिंजीर रोज येतो. कधी कधी आळशीपणाने फुलात न शिरता देठाजवळ बाहेरूनच भोक पाडून मध चोरतो.

दोन गोष्टी करू नका. एक म्हणजे घाणेरी. तिच्यावर फुलपाखरं झुंबड करतात हे खरंय, आणि म्हणूनच मी वीस वर्षांपूर्वी ती हौसेने लावली होती. बुलबुलांनी फळं खाल्ली, बिया टेकडीवर नेल्या, आणि दोन पावसाळ्यांत मागच्या ओढ्याच्या काठाने तीच ती. बाहेरून आलेलं झाड, आपल्या जंगलांत आधीच डोईजड झालंय. मी माझं उपटलं, ओढ्याकाठचं अजून आहे. दुसरं म्हणजे कास पठारावरून रोपं उचलून आणणं. २०१२ पासून ते पठार जागतिक वारसा आहे, पण तुमच्यापासून पाऊण तासावर असल्याने हात शिवशिवतात. तिथली फुलं कातळावरच्या इंचभर मातीत, चार महिन्यांच्या पाण्यावर जगतात. तुमच्या अंगणात ती पंधरा दिवस टिकणार नाहीत, आणि तिथून उचलणं हा गुन्हा आहे तो वेगळाच.

वड-पिंपळ-उंबर घरापाशी लावू नका, मुळं पाया शोधतात. पण कॉलनीची मोकळी जागा असेल तर समितीच्या मागे लागून तिथे एक उंबर लावून घ्या. एखादा माणूस दिसेनासा झाला की उंबराचं फूल झालास म्हणतो ना आपण, तर ती फुलं असतात फळाच्या आत. तिथे शिरण्यासाठी चिलटाएवढी एक खास गांधीलमाशी लागते आणि तिलाही हाच उंबर लागतो. फळं धरली की तांबट, कोकीळ, बुलबुल, रात्री वटवाघळं, सगळा गाव जेवून जातो.

राहिला दुधी. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्याचं काम करतात रात्रीचे पतंग. तुमच्याकडे संध्याकाळी फवारणी होत असेल आणि मागच्या दारी रात्रभर मोठा दिवा जळत असेल, तर पतंग एकतर मरतात किंवा दिव्याभोवती घिरट्या घालत बसतात. दिवा गरजेपुरता लावा. तोवर हाताने करा. सातच्या सुमारास ज्या फुलाच्या मागे छोटासा दुधी दिसतो ती मादी शोधा. लांब देठाचं, मागे काही नसलेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि मधला दांडा मादीच्या मध्यावर हलकेच फिरवा. एका नराने दोन माद्या होतात. तीन-चार दिवसांत पिटुकला दुधी पिवळा न पडता फुगायला लागला की समजा धरला.

लावणी आत्ता करू नका. मृगाचा पाऊस पडून दोन-तीन चांगल्या सरी झाल्या, माती खोलवर भिजली की लावा. खड्डे आजच खणून ठेवा आणि त्यातला सिमेंट-विटांचा राडा वेचून काढा, हे काम साहेबांकडे द्या. रोपं घेताना तुकतुकीत, एकही पान न खाल्लेलं रोप उचलायचा मोह होतो. मी उलट करते. कुरतडलेल्या पानांचं, एखादं अंडं चिकटलेलं रोप आधी उचलते. त्यावर नुकतं औषध पडलेलं नसण्याची शक्यता जास्त, आणि पाहुणा घरबसल्या येतो.

छाटणीआधी मात्र झुडूप आतून हाताने बाजूला करून बघा. उन्हाळा-पावसाळ्यात बुलबुलाचं वाटीएवढं घरटं असू शकतं. अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत महिनासुद्धा लागत नाही, तेवढी कात्री थांबवा.

साहेबांसाठी आणखी एक काम. फवारणीचा पंप माळ्यावर टाका आणि रविवारची तीच वेळ एका वहीला द्या. तारीख, कोण आलं, कुठल्या झाडावर, किती. बँकेतल्या माणसाइतकी नीटस नोंद दुसरं कुणी ठेवणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरची पानं मला पाठवा.

आणि लिंबावरचा सुरवंट एके सकाळी दिसेनासा झाला तर पक्ष्याने नेला असंच धरून चालू नका. कोष करायच्या आधी तो झाड सोडून चालत निघतो. कुंडीची कड, पाइप, भिंतीचा कोपरा, कुठेही जातो. खिडकीच्या गजाला किंवा तुमच्या झाडूच्या दांड्याला, कमरेला दोरी बांधल्यासारखा तिरका टेकलेला हिरवा नाहीतर तपकिरी कोष दिसला, तर तो झाडू पंधरा दिवस वापरू नका. दुसरा आणा.